एक इंची अक्षरांची पाटी

लंगडं खेचर बार, कॉपर फोर्क, टेनेसी
ता. ६ एप्रिल २०१४

केंड्रा,

तू फोन घेत नाहीस म्हणून कागद काढलाय. मला लिहायची सवय नाही आणि रविवार सोडला तर वेळही नाही, तेव्हा जे आहे ते सरळ लिहिते. टोचलं तर टोचलं.

तुझं कार्ड मिळालं. पोर छान आहे. नाक आपल्याकडचं घेतलंय, त्याला इलाज नाही. सात महिन्यांची होईपर्यंत आजीला फोटोसुद्धा दिसू नये, हे मी गिळलं. पण जुनिपर हे काय नाव? जिनमध्ये घालतात ती बोरं जुनिपरची. म्हटलं, चला, बारमध्ये वाढलेली पोरगी धंदा अगदीच विसरलेली नाही. माझ्या आईला, तुझ्या मॅमॉला, फोटो दाखवला, तर म्हणाली, झाडाचं का असेना, नाव आहे ना. चौऱ्याऐंशीची झाली ती. फोटो तिने बायबलात ठेवला. मागितला तर ऐकू येत नाही म्हणते.

आता तुझी अट. मेअखेरच्या डेकोरेशनच्या रविवारी येईन म्हणतेस, सगळ्यांसारखी कबरींवर फुलं ठेवीन, पोरीला मॅमॉच्या मांडीवर देईन. पण जिथे माणसं कमरेला पिस्तूल लावून जेवायला बसतात तिथे पोर आणणार नाही. आत एक जरी दिसलं तरी गाडी वळवीन. वा. सोळाशे किलोमीटर गाडी हाकत यायचं आणि थडग्यांना भेटून जायचं. तुला ठाऊक आहे की डेकोरेशनचं जेवण पूर्वी कबरस्तानातच व्हायचं, आणि लाल मुंग्या बटाट्याच्या सॅलडात शिरल्या तेव्हापासून ते आपल्याकडे असतं. बारमध्ये नाही यायचं म्हणजे जेवायला नाही यायचं. माझ्याकडे नाही यायचं. तेच सरळ लिहायचंस.

कायदा काय मी केलाय? परवाना असेल आणि पीत नसाल, तर पिस्तूल घेऊन बारमध्ये बसा, असं सरकार म्हणतं. तेव्हापासून इथे पाळ्या लागल्यात. दर शुक्रवारी चौघं येतात, त्यातला एक 'हत्यारवाला'. तिघं पितात, तो गोड गार चहा ढोसतो आणि बाकीच्यांकडे बघत तोंड वाकडं करतो. आठवड्यातून एकदा तरी पाळीवरून भांडण होतं. मागे तर चौघंही हत्यार घेऊन आले, कुणीच मागे हटेना. चार दणकट गडी रात्रभर चहा पीत बसले. चौथ्या जगनंतर मी चहा बंद केला.

हे सगळं कुणासाठी, तर डाकू आले तर. कॉपर फोर्कमध्ये. इथे डाकू यायचा तर त्याला आधी कुणाला तरी रस्ता विचारावा लागेल.

आणि तीन वर्षांपूर्वी झालं ते किती दिवस धरून बसणार आहेस? डेल्मस प्लंबरच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली. घेवड्याच्या भांड्याला भोक पडलं. तू चांगली चार हात लांब होतीस. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

तरी मी पाटी लावते. माझा बार आहे, मला मनाई करता येते. आज दुपारीच लावते.

तुझी आई,
ट्वायला

ता. १४ एप्रिल

केंड्रा,

पाटी लावली आणि माझी शोभा झाली.

बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, जाड पेनाने लिहिलं: पिस्तूल आत आणायचं नाही. कुणालाही कळेल. मंगळवारी होबार्ट साइझमोर आला. जमिनी मोजणारा, तोच. आता रिटायर झालाय, पण फीत अजून खिशात. दारात थांबला, पाटीकडे बघितलं, फीत काढली, अक्षर मोजलं. म्हणाला, "मिस ट्वायला, हे पाऊण इंच भरतंय. कायद्यात एक इंच आहे." मग आत आला, पिस्तुलासकट बसला, तळलेला मासा मागवला. मी म्हटलं, वाचता तर आलं ना तुला? तो म्हणाला, वाचता येणं वेगळं आणि लागू होणं वेगळं.

तुला माहीत आहे मी सातवीनंतर शाळा बघितली नाही. पण एक इंच म्हणजे किती ते मला कळतं. दुसरी पाटी केली, पट्टी लावून. या वेळी मनाईच्या पाट्यांवर असतं तसं चित्रही काढलं, गोल, गोलात पिस्तूल, वर आडवी तिरकी रेघ. आईने रंग भरला. पिस्तूल थोडं बदकासारखं आलं, पण आलं.

होबार्ट परत आला, या वेळी सोबत तिघं, बघायला. अक्षरं मोजली, बरोबर. गोल मोजला, बरोबर. मग म्हणाला रेघ उलटी आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात यायला हवी, माझी उजवीकडून डावीकडे गेलीय. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूने बघ. त्याने ते खरंच करून बघितलं, दाराच्या काचेमागे जाऊन. मग चौघंही आत आले आणि माझ्या पाटीखालच्या टेबलावर बसले. हत्यारवाला होबार्ट. पाटीच्या बरोबर खाली, पट्ट्याला पिस्तूल, हातात चहा.

डेल्मस तेवढा हसला नाही. त्याचा परवाना जाऊन तीन वर्षं होतील मे महिन्यात, मग परत मिळेल. पिस्तुलाचं कातडी पाकीट मात्र रोज कमरेला लावून येतो, रिकामं. त्यात बॅटरी ठेवतो, नळाखाली बघायला. बाकीचे त्याचा हेवा करतात, म्हणतात डेल्मस नशीबवान, त्याला पाळीच नाही, रोज पी. तो हसतो. पण हल्ली फार पीत नाही तो. आपल्या तुंबलेल्या मोऱ्या अजून फुकट काढून देतो. का, ते मी विचारत नाही.

तिसरी पाटी शहरातून छापून आणते. ती मोजायला होबार्टने देवाला बोलावलं तरी चालेल.

तू डेकोरेशनला कुठे उतरणार ते कळव. वरची खोली झाडून ठेवलीय.

आई

ता. २७ एप्रिल

केंड्रा,

पाटी आली. पत्र्याची आहे. काळी अक्षरं, लाल गोल, रेघ सरकारला हवी त्या बाजूची. होबार्टने सव्वा तास लावला. शेवटी फीत गुंडाळली, टोपी काढली आणि पाटीला नमस्कार केल्यासारखं करून म्हणाला, हिच्यात खोट नाही.

मग सगळे निघून गेले.

लांब नाही. आवारात. आपापल्या पिकअपच्या मागच्या फळ्या खाली पाडून त्यांच्यावर बसले, सतरा जण. आवारही माझंच आहे, पण पाटी दारावर आहे, आवारात नाही. हेही होबार्टनेच शोधून काढलं. स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करून मासा मागतात. मी मासा देते. बिअर बाहेर देता येत नाही, त्यामुळे बिअर जात नाही. आतला बार रिकामा. आत कोण, तर मी, डेल्मस आणि आई.

आईबद्दल सांगायलाच हवं. तिच्या पर्समध्ये पिस्तूल आहे हे तुला माहीत आहे. वडील गेले तेव्हापासून आहे. तिला म्हटलं, पाटी सगळ्यांना. ती म्हणाली, "पाटी गिऱ्हाइकांना. मी तुझी आई आहे." आणि पर्स मांडीवर घेऊन तळलेली काकडी खात बसली. हे बाहेरच्यांना खिडकीतून दिसलं. आता ते म्हणतात, म्हातारीला चालतं तर आम्हाला का नाही. पाद्री आला होता, तोही त्यांच्याकडे जाऊन फळीवर बसला, म्हणाला हवा छान आहे.

हे सगळं मी तुझ्यासाठी करतेय, नीट वाच. आणि तुझं काय उत्तर येतं? तुझं दुसरं कार्ड शुक्रवारी मिळालं. मागे तलावाचं चित्र, पुढे एकच ओळ. एप्रन कुठे आहे?

कुठला एप्रन? माझ्याकडे अकरा एप्रन आहेत. निळा म्हणत असशील तर तो जुना झाला होता, फाटला, टाकला. सोळाशे किलोमीटरवरून माणूस असं विचारतं होय? पोरीला दात आले का, बसायला लागली का, ते लिही.

मी पुन्हा सांगते. तू दोन हात लांब होतीस. कदाचित दीड.

आई

ता. ४ मे

केंड्रा,

या आठवड्यात तुझं काही आलं नाही. मी पोस्टात दोनदा जाऊन आले. पोस्टमनला वाटलं मला चेक यायचाय.

एप्रनचं विचारलंस. मी आधी चिडले, मग एक आख्खा दिवस कुणाशी बोलले नाही. आईच्या लक्षात आलं. मी बोलत नाही म्हटल्यावर कुणाच्याही लक्षात येतं.

तू काय विचारतेयस ते मला कळलंय. मी अडाणी आहे, मूर्ख नाही.

तर लिहिते. हे वाचून कार्ड पाठव, नाही पाठवलंस तरी लिहिते.

त्या दिवशी माझा वाढदिवस होता, पंचेचाळिसावा. डेल्मसने व्हिस्की घेऊन दिली. मी गल्ल्यामागे उभी राहून तीन घेतल्या. चार. त्या वसंतात पेट्रोलपंप लुटला होता म्हणून मी पिस्तूल ठेवायला लागले होते, एप्रनच्या खिशात. त्याच खिशात बाटल्या उघडायचं ओपनर. आता तूच सांग, हे कोण ठेवतं एका खिशात? मी ठेवत होते, आणि बारा वर्षं बार चालवणारी बाई मी. कुणीतरी बिअर मागितली. मी ओपनर काढायला हात घातला.

एप्रनला भोक पडलं, घेवड्याच्या भांड्याला भोक पडलं, रस्सा पिचकारीसारखा बाहेर आला. तुझ्या हातात डाव होता. तू घेवडा वाढत होतीस. दोन हात नाही, दीड हात नाही. वीतभर. तुझ्या कोपरापासून वीतभर.

मग डेप्युटी टिप्टन आला, तो नेहमीच जेवायच्या वेळेला येतो. पिस्तूल बाळगून पिणं हा गुन्हा, आणि बारची मालकीण तसं करताना सापडली तर बिअरचा परवाना गेला, धंदा गेला, वरची खोलीही गेली. हे माझ्या डोक्यात चाललं होतं तोवर डेल्मस उठला. त्या दिवशी हत्यारवाला तोच होता, थेंबही घेतलेला नव्हता. म्हणाला, माझं सुटलं. टिप्टनने समोरची बिअर कुणाची म्हणून विचारलं. ती होबार्टची होती. विचारपूस तिथेच थांबावी म्हणून डेल्मस म्हणाला, तीही माझीच. टिप्टनने पिस्तूल हुंगून बघायला हवं होतं. त्याने उरलेला घेवडा संपवला आणि कागद भरला.

आणि तू म्हणालीस, "डेल्मसचं नाही. आईचं सुटलं." मोठ्याने, सगळ्यांदेखत.

मी काय बोलले ते तुला पाठ असेल. पोरगी घाबरलीय, काहीतरी बरळतेय, हिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. टिप्टनने तुझ्याकडे बघितलं, आणि मी तुला स्वयंपाकघरात पाठवलं.

एप्रन मी त्याच संध्याकाळी शेगडीत घातला. नीट जळला नाही. बटणं उरली.

आई

ता. १२ मे

केंड्रा,

तुझं कार्ड मिळालं. दोन शब्द. "सगळ्यांना सांग." मी दोनदा उलटवून बघितलं, मागे काही आहे का.

सांगितलं.

शुक्रवारी सगळे आवारात फळ्यांवर होते. मी हात पुसत बाहेर गेले. म्हटलं, ऐका, तीन वर्षांपूर्वी पिस्तूल डेल्मसचं सुटलं नाही, माझं सुटलं, मी प्यायलेली होते, आणि केंड्रा खरं बोलत होती. मी फार मोठी तयारी करून गेले होते, पण त्याला एवढंच लागलं. मासे खात होते ते खात राहिले. मग होबार्टने हात पुसले आणि म्हणाला, "मिस ट्वायला, आम्हाला माहीत आहे. तुमच्या एप्रनमधून धूर निघत होता."

सगळ्यांना माहीत होतं. पाद्र्यालासुद्धा. तीन वर्षं सगळं गाव मला लाजवायला नको म्हणून गप्प होतं, आणि मी तेवढी एकटी समजत होते की मी लपवलंय.

चिडला कोण, तर डेल्मस. मी त्याला आधी कधी चिडलेला बघितला नव्हता. म्हणाला, "परवान्याला तीन आठवडे राहिले होते, ट्वायला. तीन वर्षं मी झाकलं, तुला तीन आठवडे धीर धरता येत नाही?" त्याला वाटलं मी त्याची तीन वर्षं पाण्यात घातली. तणतणत पिकअपमध्ये बसला, किल्ली फिरवली, पण त्याची पिकअप दोन पिकअपच्या मध्ये अडकलेली. सगळ्यांनी हलवेपर्यंत तो हॉर्न वाजवत बसला. दुसऱ्या दिवशी आला, स्वयंपाकघरातली मोरी उघडली, तासभर तिच्यात डोकं घालून बसला, आणि आत डोकं ठेवूनच म्हणाला की झालं ते बरं झालं. नळातून बोलल्यासारखा आवाज येत होता. मी विचारलं, का रे तू ते अंगावर घेतलंस. तो म्हणाला, तुझा वाढदिवस होता. दुसरं काही सुचलं नाही.

मग टिप्टनकडे गेले. तो म्हणाला, वर्ष उलटलं की असल्या गोष्टीची केस होत नाही, घरी जा. मी म्हटलं, लिहून घे. तो म्हणाला, काय म्हणून लिहू. मी म्हटलं, डेल्मसच्या कागदावर जे खोटं आहे ते खोटं आहे म्हणून लिही. पाऊण तास आम्ही भांडलो. गुन्हा कबूल करायला आलेल्या बाईला हाकलून देणारा पोलीस मी पहिल्यांदा बघितला. शेवटी लिहून घेतलं, कारण मी खुर्ची सोडेना आणि त्याची जेवायची वेळ झाली.

बिअरच्या परवान्याचं मंडळ गुरुवारी बसतं. तिथे मी जाणार आहे. ते काय करतील मला माहीत नाही. कदाचित बार राहील, कदाचित नाही राहणार. डेकोरेशनला तेरा दिवस आहेत. तू येतेयस की नाही हे मला अजूनही माहीत नाही, आणि आता मी विचारणारही नाही.

आई

ता. २१ मे

केंड्रा,

मंडळाच्या पाच माणसांनी मिळून माझं ऐकलं. एकाने विचारलं, तीन वर्षं गप्प होता, आत्ताच का बोलता. मी म्हटलं, माझ्या पोरीने सांगितलं म्हणून. त्याने लिहून घेतलं: मुलीने सांगितलं म्हणून. परवाना गेला नाही. तीस दिवस बिअर बंद. म्हणजे डेकोरेशनला बिअर नाही. पाहुणे तोंडं पाडणार, पाडोत.

पण खरी गंमत पुढे. शनिवारी सगळे आवारातच होते. मी स्टूल घेतलं, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटी काढली. होबार्ट धावत आला. म्हणाला, काढू नका, ती बरोबर आहे, मी मोजलीय. मी म्हटलं, मोजलीस म्हणूनच काढतेय. पाटीशी तुम्ही महिनाभर वाद घातला, रेघेशी घातला, अक्षराशी घातला. आता माझ्याशी घाला. पुढच्या रविवारी माझी पोर आणि नात येईल किंवा येणार नाही. आली तर आत कुणाच्या अंगावर पिस्तूल नको.

होबार्टने विचारलं, "हे कुठल्या कलमाखाली?"

मी म्हटलं, "माझ्या."

त्याने खिशाकडे हात नेला. मला वाटलं आता फीत काढतो आणि मला मोजतो. मग गेला, पिस्तूल पिकअपच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं, आत येऊन बसला. मग पाद्री. मग एकेक करत सगळे. तासाभरात बार भरला, बिअर नसताना. चार जग चहा गेला.

आई शेवटपर्यंत पर्स धरून बसली होती. मी तिच्याकडे गेलेच नाही. तिनेच हाक मारली, पर्स उघडली आणि ते टेबलावर ठेवलं. केंड्रा, त्याचा घोडा पेपरमिंटने चिकटून बसलाय. वर्षानुवर्षं पर्समध्ये वितळलेलं पेपरमिंट. डाकू आला असता तर त्याला ती चाटायला देऊ शकली असती, एवढंच. डेल्मसने गरम पाण्याने सोडवायला घेतलं, तर ती म्हणाली राहू दे, तसंच असू दे.

रविवारी अकरा वाजता कबरस्तान, एक वाजता जेवण. मासा, मक्याचा पाव, घेवडा. भांडं नवीन आहे.

आई

ता. २७ मे

केंड्रा,

तू पोचलीस असा डेल्मसला फोन केलास. मला केला असतास तरी चाललं असतं. असो, उचलला असता मी.

रविवारी कबरस्तानात तू आली नाहीस, तेव्हाच मी मनातून तुला सोडून दिलं होतं. मग सव्वा वाजता तुझी गाडी आवारात आली आणि तशीच उभी राहिली. वीस मिनिटं. तू गाडीत बसून काय करत होतीस ते मला माहीत नाही. आत काय चाललं होतं ते तुला माहीत नसेल, म्हणून लिहिते.

आत अठ्ठावीस माणसं होती आणि एकही जण जेवत नव्हता. सगळे पडद्याआडून बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. होबार्ट म्हणाला, इंजिन चालू आहे. पाद्री म्हणाला, ते चांगलं की वाईट. डेल्मस म्हणाला, कुणीतरी जायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी या दारातून सव्वाशे किलोचे गडी बाहेर ढकललेत, तुला माहीत आहे. त्या दिवशी मला तुझ्या गाडीपर्यंत चालता येईना. मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली पातेली परत घासायला घेतली.

तू मागच्या दाराने आलीस, पोर कडेवर, आणि विचारलंस बाथरूम कुठे आहे, हिला बदलायचंय. तू त्या बाथरूमच्या भिंतीवर लहानपणी आपलं नाव कोरलंयस. मी म्हटलं, होतं तिथेच आहे. तीन वर्षांनंतर तोंडातून हे निघालं. बाकी सगळा दिवस मी वाढत राहिले आणि तू खात राहिलीस. पोर आईच्या मांडीवर झोपली. तू जाताना होबार्टने गाडीच्या चाकात हवा मोजून दिली, मला तू हात केलास आणि गेलीस.

तर मी काय म्हणते. टिप्टनला सांगितलं, मंडळाला सांगितलं, आवारातल्या सतरा जणांना सांगितलं. डेल्मसला मी बुधवारी मासा करून खायला घातला, त्याला सांगायचं ते सांगितलं. तुलाच तेवढं राहिलं. समोर आलीस तेव्हा हातात पातेलं होतं आणि आता तू पुन्हा मिनेसोटात.

मी चुकले. गोळी सुटली ते नाही म्हणत, ते कुणाच्याही हातून होतं, आणि त्याची भरपाई झाली. तू खरं बोललीस आणि मी सगळ्यांदेखत तुला खोटं पाडलं, ते चुकले. तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस, घाबरली होतीस, आणि तरी खरं बोललीस. घाबरलेलं आख्ख्या बारमध्ये आणखी कोण होतं सांगू? मी.

एवढंच. पोरीचे दात मोज, किती आलेत ते कळव.

आई